डिझेल हवा-तापक, शिडाच्या नौकेवरील

शिडाच्या नौकेची केबिन उबदार व कोरडी ठेवण्यासाठी डिझेल जाळून हवा तापवणारे उपकरण. बोलण्यात त्याला सरसकट ‘हीटर’ म्हणतात. शेगडीत ज्योत खोलीतलीच हवा घेते आणि धूर खोलीतच सोडते. हवा-तापकात ज्योतीचा आणि खोलीतील हवेचा संबंध येत नाही.

एक छोटा मात्रापंप दर ठोक्याला ठरावीक थेंबभर डिझेल ज्वलनकक्षात सोडतो. ग्लो प्लग (विजेने लाल होणारी कांडी) ते पेटवतो आणि ज्योत स्थिरावली की प्लग बंद होतो. ज्योत धातूच्या उष्णता-विनिमयकाच्या आत जळत राहते व त्याच्या बाहेरून पंखा हवा ढकलतो. ज्वलनाची हवा एका नळीने आत येते, धूर दुसरीने बाहेर जातो. एक लिटर डिझेल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. ते धुराबरोबर बाहेर गेल्याने केबिन कोरडी राहते. उघड्या गॅस शेगडीने हे साधत नाही. १० ते १२ मीटरच्या नौकेवर सहसा २ ते ४ किलोवॉटचा तापक लावतात. २ किलोवॉटचा तापक कमी-जास्त आचेनुसार ताशी ०.१ ते ०.२८ लिटर डिझेल घेतो.

या उपकरणाच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. पहिले मत त्याची वंशावळ १९३० च्या दशकातील अमेरिकी मोटारींच्या पेट्रोल-तापकांपर्यंत नेते. त्यांत स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीचा ‘साउथ विंड’ विशेष प्रसिद्ध होता. दुसरे मत जर्मनीतील एस्लिंगेन या एकाच गावात सुरू झालेल्या दोन कंपन्यांकडे बोट दाखवते : एबरस्पेखर (स्थापना १८६५) व वेबास्टो (स्थापना १९०१, पुढे श्टोकडॉर्फ येथे स्थलांतर). ‘वेबास्टो’ हे नाव विल्हेल्म बायर आणि श्टोकडॉर्फ यांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. सुरुवातीचा ‘साउथ विंड’ इंधनमिश्रण कार्बुरेटरमधून घेई आणि धूर इंजिनाच्या ओढीने काढी, त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंतच तो चाले. स्वतःचा पंखा व पंप असलेला, इंजिन बंद असतानाही चालणारा तापक ट्रक-बसच्या जर्मन परंपरेत रुळला. शिडावर चालणाऱ्या नौकेचे इंजिन बहुतेक वेळ बंदच असते. म्हणून नौकेपुरते तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गुरुत्वाने डिझेल ठिबकणाऱ्या चिमणीवाल्या स्टोव्हची शाखा वेगळी आहे. त्याला वीज लागत नाही, मात्र शिडावरून खाली वळणारा वारा चिमणीत शिरून धूर केबिनमध्ये ढकलू शकतो.

बसवणीत सर्वाधिक चुका धुराच्या नळीत होतात. ट्रकवर ही नळी खाली उतरत नेतात, म्हणजे तिच्यात साचणारे आम्लयुक्त पाणी गळून जाते. नौकेवर तसे करता येत नाही. नौका कलली की कुशीवरचे, म्हणजे बाजूच्या भिंतीतले, तोंड पाण्याखाली जाते आणि समुद्र थेट ज्वलनकक्षात शिरतो. म्हणून नळी आधी शक्य तितकी वर नेऊन हंसाच्या मानेसारखी वळवतात आणि मग बाहेरच्या तोंडाकडे उतरवतात. सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची सोय ठेवतात. तोंड पिछाडीला, जलरेषेच्या बरेच वर असावे. कूस निवडावीच लागली, तर नौका पुरती कललेली असताना पाणी कुठवर येते ते पाहून जागा ठरवावी. धक्क्याला बांधलेल्या नौकेवरची पाण्याची खूण येथे उपयोगाची नाही. सुमारे २४ मिमी व्यासाच्या, स्टेनलेस पोलादाच्या या नळीवर उष्णतारोधक वेष्टन हवे, आणि ती नौकेच्या कवचातून बाहेर जाते तेथे दुहेरी भिंतीचे फिटिंग हवे, नाहीतर फायबरग्लास करपतो. खिडक्या, गॅस सिलिंडरचा कप्पा आणि इंधनटाकीचा श्वासमार्ग या तोंडापासून दूर असावेत. सांध्यातून गळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. त्याची सूचना देणारा गजर (नौकांसाठीचे युरोपीय मानक ईएन ५०२९१-२) हा बसवणीचा भागच मानला पाहिजे.

मात्रापंप आडवा बसवत नाहीत. बाहेर पडणारी बाजू १५ ते ३५ अंश वर ठेवतात, म्हणजे हवेचे बुडबुडे पुढे सरकतात. पंप नौकेच्या रुंदीच्या दिशेने लावला, तर २० अंशांच्या कलाने ही चढण नाहीशी होऊ शकते. लांबीच्या दिशेने लावलेल्या पंपावर कलाचा परिणाम कमी होतो. माहितीपुस्तिका मुख्यतः वाहनांसाठी लिहिलेल्या असल्याने हा मुद्दा त्यांत क्वचितच दिसतो. टाकीतून इंधन ओढणारी नळी तळापर्यंत नेत नाहीत, कारण पाणी व गाळ तेथेच बसतो. वायरही पुरेशी जाड हवी : पेटताना ग्लो प्लग १२ व्होल्टवर ८ ते १० अँपिअर प्रवाह ओढतो, आणि बारीक वायरीत विद्युतदाब घसरला की तापक पेटण्याआधीच बंद पडतो. तापक बंद केल्यावर पंखा काही मिनिटे फिरून आतील धातू थंड करतो, म्हणून वीज मुख्य स्विचने तोडू नये.

तापवायची हवा केबिनमधून घ्यावी की बाहेरून, यावर नौकावाल्यांत एकमत नाही. केबिनमधलीच हवा फिरवली तर खोली लवकर तापते आणि इंधन वाचते. मात्र माणसांच्या श्वासातली व ओल्या कपड्यांतली वाफ आतच राहते. ५° से. तापमानाच्या पूर्ण दमट हवेच्या घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम पाणी असते. तीच हवा २०° से.पर्यंत तापवली की सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. थंड समुद्रात बाहेरची हवा, निदान काही प्रमाणात, घेणेच योग्य दिसते.

गोव्यात जानेवारीतही रात्रीचे तापमान २०° से.च्या सुमारास असते, तेव्हा घरच्या पाण्यात तापकाचे काम नाही. येथे त्याचा विचार होतो तो दूरच्या प्रवासांमुळे. मांडवीतील दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका २००९ मध्ये नौदलात आली. दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये टप्प्याटप्प्याने आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये न थांबता, दोघांनीही तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच गोदीतली ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन वेरें येथील आयएनएस मांडवी तळावरून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परतली. या मार्गावर केप हॉर्न सुमारे ५६° दक्षिण अक्षांशावर लागते.

अशा प्रवासात आधी पाहायची गोष्ट म्हणजे टाकीतले डिझेल. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेलच्या प्रवाहबिंदूची, म्हणजे ज्याखाली ते वाहायचे थांबते त्या तापमानाची, कमाल मर्यादा हिवाळ्यात ३° से. व उन्हाळ्यात १५° से. आहे. प्रत्यक्ष माल याहून सरस असू शकतो. पण पणजीत भरलेली टाकी दक्षिणेच्या ५–६° से.च्या पाण्यात कवचाला लागून असते, आणि थंडीत डिझेलमधले मेण गोठून साचायला २ मिमीची इंधननळी व बारीक गाळणी ही पहिली जागा. ज्या थंडीसाठी तापक बसवला, त्याच थंडीत तो उपाशी राहण्याचा संभव असतो. लडाखसाठी २०१९ मध्ये आलेल्या हिवाळी डिझेलचा प्रवाहबिंदू −३३° से. आहे. गोव्यातल्या नौकेला त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पुढच्या थंड बंदरात इंधन घेणे, अथवा तापकासाठी केरोसीनची वेगळी लहान टाकी ठेवणे.

चाचणीचीही येथे अडचण येते. बाहेर ३०° से. असताना केबिन २०° से.वर ठेवण्यासाठी लावलेला तापक पेटतच नाही किंवा मंद जळत काजळी धरतो. उलट पूर्ण ताकदीने चालवल्यास आत येणारी हवाच गरम असल्याने अतितापरोधक स्विच त्याला बंद पाडू शकतो. सगळ्या खिडक्या उघडून, पूर्ण ताकदीवर अर्धा तास, आणि जमल्यास पहाटे चाचणी घेणे बरे.

पावसाळ्यात नांगरलेली नौका सुकवण्यासाठी तापक वापरावा, असे सुचवले जाते. जुलैतली २६° से.ची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३६ अंशांपर्यंत नेली तर आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते खरी. पण त्या केबिनमध्ये माणूस राहू शकत नाही, आणि तापक थांबला की दमटपणा परत येतो. या कामाला विजेवरचा आर्द्रताशोषक अधिक योग्य. बंद पडून राहिलेल्या तापकाच्या उघड्या नळ्यांत कुंभारमाशी मातीचे घर बांधते. नळीच्या तोंडावर बारीक जाळी लावावी किंवा बूच ठोकून त्याची लाल दोरी स्विचला बांधावी, म्हणजे बूच काढल्याशिवाय कोणी तापक पेटवणार नाही.