दीर्घ थकवा विकार : रक्तातल्या खुणांचा शोध

नौपाड्यातल्या किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘फार थकवा येतो’ या तक्रारीसाठी होणाऱ्या तपासण्या साधारण ठरलेल्या असतात : सीबीसी, थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व. अनेकांच्या थकव्याचे कारण त्यांतच सापडते. काहींचे मात्र सगळे आकडे मर्यादेत असतात आणि तरीही ठाण्याहून लोकलने दादरला एकदा जाऊन आले की पुढचे दोन दिवस त्यांना अंथरूण सोडवत नाही.

श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सगळाच त्रास उसळणे हे क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे, म्हणजेच दीर्घ थकवा विकाराचे, प्रमुख लक्षण आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली मांडलेल्या निकषांत ते अनिवार्य असून, त्याखेरीज सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली कार्यक्षमतेतील मोठी घट, झोपूनही न येणारी तरतरी या दोन्ही गोष्टी आणि शिवाय विचारशक्ती मंदावणे किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे यांपैकी किमान एक गोष्ट आवश्यक मानली आहे. म्हणजे आजाराचे निदान आजही रुग्णाच्या सांगण्यावरच होते आणि घरचे लोक जेव्हा ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ म्हणतात, तेव्हा त्याच्या हाती दाखवायला काही नसते. जैविक खुणेचा, म्हणजे तपासणीत मोजता येईल अशा पुराव्याचा, शोध म्हणूनच महत्त्वाचा आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉन डेव्हिस यांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला विशेष मोलाचा वाटतो. त्यांनी रक्ताच्या नमुन्यात मीठ वाढवून पेशींवर मुद्दाम ताण आणला, कारण वाढलेल्या क्षारांपुढे समतोल राखायला पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते, आणि त्या वेळी नमुन्याचा विद्युतरोध कसा बदलतो ते सूक्ष्म इलेक्ट्रोडने मोजले. रुग्णांच्या नमुन्यांत हा रोध लक्षणीय वाढला, निरोगी नमुन्यांत फारसा नाही. पेशी स्वस्थ असताना न दिसणारा दोष ताणाखाली उघड होतो, ही कल्पना आजाराच्या स्वभावाशी जुळते. सलग दोन दिवस सायकल चालवायला लावून प्राणवायूचा वापर मोजण्याच्या चाचणीतही अनेक रुग्णांची क्षमता दुसऱ्या दिवशी घसरलेली आढळते; मात्र ती चाचणीच त्यांना आजारी पाडू शकते.

पण स्टॅनफर्डच्या प्रयोगात २० रुग्ण आणि २० निरोगी माणसेच होती. आजारी आणि निरोगी यांतला फरक दाखवणे तुलनेने सोपे; खरा कस लागतो तो एका थकलेल्याला दुसऱ्या थकलेल्यापासून वेगळे करताना. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली रक्तपेशींवर लेझर टाकून रामन वर्णपटाने (म्हणजे विखुरलेल्या प्रकाशातील बदल वाचून) केलेल्या अभ्यासात ६१ रुग्ण व १६ निरोगी व्यक्तींबरोबर मल्टिपल स्क्लेरोसिस या थकवा आणणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराचे २१ रुग्णही घेतले होते, आणि सुमारे ९१ टक्के अचूकता मिळवली. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली शोधलेला परिणाम इथे उपयोगी पडावा, याचा मनापासून आनंद होतो. तरीही ठाण्यात अशी चाचणी विश्वासाने वापरायची, तर तुलनेसाठी रक्तक्षयाच्या स्त्रिया, मधुमेही आणि क्षयरोगातून उठलेली माणसे घेऊन ती पुन्हा तपासावी लागेल.

घाई किती महागात पडते हे या क्षेत्राने अनुभवले आहे. २००९ साली ‘सायन्स’मध्ये एक्सएमआरव्ही हा विषाणू अनेक रुग्णांत आढळल्याचा दावा आला, तो प्रयोगशाळेत नमुने दूषित झाल्याचा परिणाम असल्याचे दिसून आल्यावर २०११ साली तो शोधनिबंध मागे घेतला गेला. मधल्या काळात रुग्णांनी बांधलेल्या आशेचे काय झाले असेल!

एक साधी मोजणी मात्र आज कोणत्याही दवाखान्यात होऊ शकते. रुग्णाला काही वेळ आडवे झोपवून मग दहा मिनिटे उभे करायचे आणि नाडी व रक्तदाब नोंदवत राहायचे. रक्तदाब न घसरता प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर पॉट्स या, उभे राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या, विकाराची शंका घेतात. ही या आजाराची स्वतंत्र खूण नव्हे, परंतु अनेक रुग्णांत ती सापडते आणि तिच्यावर उपचार करता येतात. चक्कर येण्याचा धोका असल्याने ही मोजणी डॉक्टरांसमोरच करावी.