अब्राहम म्हणजे ब्रह्मा नव्हे

‘अब्राहम म्हणजे ब्रह्मा आणि त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतच असतो. कल्पना जुनी आहे. १८व्या शतकात फ्रेंच विचारवंत व्होल्तेअरनेही असं नातं सुचवलं होतं. पण ते टिकत नाही.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात हा माणूस आधी अब्राम आहे. हिब्रूत ‘अव’ म्हणजे बाप, ‘राम’ म्हणजे उंच, थोर. (हा ‘राम’ही आपला राम नव्हे, तोही गैरसमज फिरतो.) हेच तुकडे इतर नावांत सुटे सापडतात: अबीराम, अदोनीराम, यहोराम, ‘अव’ अब्शालोममध्येही आहे. १७व्या अध्यायात, वयाच्या ९९व्या वर्षी, त्याचं नाव अब्राहम होतं आणि ‘पुष्कळ राष्ट्रांचा बाप’ असा अर्थ तिथेच दिलेला आहे. सारा हे ‘सार’ म्हणजे सरदार, अधिपती याचं स्त्रीलिंगी रूप. हिब्रूच्या नात्यातल्या, प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत राणीला ‘शर्रतु’ म्हणत, तेही याच घराण्यातलं.

उलट ब्रह्मा ‘बृह्’ म्हणजे वाढणे या धातूशी जोडतात आणि सरस्वती म्हणजे ‘सरस्’ असलेली, पाण्याने भरलेली. संस्कृत आणि हिब्रू या दोन वेगळ्या भाषाकुळांतल्या भाषा आहेत. दोन-चार अक्षरं जुळली म्हणून नावं एक होत नाहीत, मूळ जुळावं लागतं.

हिब्रू नावांचा खरा मराठी प्रवास कोकणात दिसतो. तिथल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात अब्राहमचा अबाजी झाला, सॅम्युएलचा समाजी.