गतिरोधक जितका उंच, तितका वेग कमी?

"आणखी चार इंच डांबर टाका, मग बघा कसे सरळ येतात!" गल्लीत गतिरोधकाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. समज जुना, पण चुकीचा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गोलाकार गतिरोधकाची उंची जेमतेम १० सेंटिमीटर, गाडीच्या दिशेतली रुंदी मात्र ३.७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने गाडी न आदळता जावी, असा हिशोब. आपल्याकडचा हातभर रुंदीचा उंचवटा म्हणजे निव्वळ शेताचा बांध. मोटारीचं पोट घासतं, रिक्षात मागे बसलेल्या आजींची कंबर धरते आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो दुचाकीवाला कडेच्या वीतभर फटीतून, गटाराला चाटून, त्याच वेगात पसार! बांध ओलांडला की मोटारीही पुन्हा सुसाट. गल्लीभर वेग कमी हवा तर बेतशीर उंचीचे, ठरावीक अंतरावरचे गतिरोधक लागतात. पांढरे पट्टे आणि आधी सूचनाफलकही.