लिनक्सच्या कर्नलमधले दहा खण

सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलात की पहिली गाठ बारनिशीशी पडते. तिथला लिपिक अर्जावर निर्णय देत नाही. शिक्का, आवक क्रमांक, तारीख, की पुढचा माणूस. अर्जाचं खरं काम नंतर, आत, त्या त्या टेबलावर होतं. लिपिकानं प्रत्येक अर्ज खिडकीतच निकाली काढायला घेतला, तर रांग रस्त्यावर जाईल.

अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, असतो, आणि तोही कामाची अशीच वाटणी करतो. फोनवर मेसेज आला की वाय-फायची चिप ती माहिती मेमरीत ठेवते आणि प्रोसेसरला इंटरप्ट देते. प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे सोडतो आणि त्या चिपसाठी नेमलेलं फंक्शन चालवतो. हा हार्ड इंटरप्ट हँडलर. तो चालू असेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवर बाकीचे इंटरप्ट थोपवून धरलेले असतात. इथे वेळ गेला तर टायमर मागे पडतात, स्क्रीनला केलेला स्पर्श उशिरा पोचतो, येणारी पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, ठेवायला जागा उरत नाही आणि ती गळतात. म्हणून हँडलर शिक्का मारून निघतो. पॅकेट कुठल्या ॲपचं, मधलं एखादं हरवलं का, हे वेळखाऊ काम मागे ठेवलं जातं. ते ज्या यंत्रणेकडे जातं तिचं नाव सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे सॉफ्टवेअरनं केलेली इंटरप्टची विनंती.

नावात थोडा घोटाळा आहे. प्रोग्राम कर्नलला हाक मारायला जी सूचना वापरतो, तिलाही अनेक पुस्तकांत सॉफ्टवेअर इंटरप्ट म्हणतात. ती गोष्ट निराळी. इथे कर्नल स्वतःच स्वतःसाठी काम नोंदवून ठेवतो.

ही नोंदणी मला फार आवडते, कारण ती विलक्षण साधी आहे. कर्नलमध्ये एक छोटा तक्ता आहे, त्यात दहा खण. तातडीचे टास्कलेट (मागे ठेवलेली छोटी कामं), टायमर, नेटवर्कवर पाठवणं, नेटवर्कवरून घेणं, डिस्कचं काम, त्याच कामाची पोलिंग (इंटरप्टची वाट न बघता स्वतः जाऊन विचारणं), साधे टास्कलेट, शेड्यूलर (प्रोसेसर कुणाला कधी द्यायचा हे ठरवणारा), सूक्ष्म टायमर, आणि सर्वांत शेवटी आरसीयू, म्हणजे जुना डेटा आता कुणीच वाचत नाही अशी खात्री पटल्यावर तो मोकळा करणारी यंत्रणा. 'ओपन_सॉफ्टआयआरक्यू' या फंक्शनला खणाचा क्रमांक आणि हँडलरचा पत्ता द्यायचा. ते तो पत्ता त्या खणात लिहितं. संपलं. आत कुलूप नाही. नोंदणी रद्द करायची सोयही नाही. ती लागतच नाही, कारण हे सगळं मशीन सुरू होताना एकदाच घडतं आणि कर्नलचे मूळ भागच ते करतात. नंतर जोडलेल्या ड्रायव्हर मॉड्यूलला हे फंक्शन मिळतच नाही. तक्त्याशेजारी कर्नलच्या लेखकांनी कळकळीची विनंतीही लिहून ठेवली आहे: अगदीच निकड नसेल तर नवा सॉफ्टआयआरक्यू वाढवू नका, बहुतेक कामांना टास्कलेट पुरतात.

नोंदणी एकदाच, पण काम मागणं सतत चालू. प्रत्येक कोअरपाशी एक आकडा असतो आणि त्यातला एकेक बिट एकेका खणाचा. नेटवर्कच्या हँडलरनं शिक्का मारला की तो 'रेज_सॉफ्टआयआरक्यू' म्हणतो, म्हणजे आपला बिट १ करतो. हँडलर संपून कर्नल इंटरप्टमधून बाहेर पडताना हा आकडा तपासतो. शून्य नसेल तर सर्वांत खालच्या बिटापासून एकेक हँडलर चालवत जातो. खणांचा क्रम म्हणजेच अग्रक्रम, त्यामुळे टायमर नेटवर्कच्या आधी येतो.

यातली एक बारीक गोष्ट मला पहिल्या वाचनात दिसलीच नव्हती. कर्नल आकडा वाचतो, लगेच शून्य करतो, आणि मगच इंटरप्ट पुन्हा सुरू करून कामाला लागतो. काम संपवून शून्य केला असता, तर दरम्यान एखाद्या इंटरप्टनं उठवलेला बिट त्याच्याबरोबर पुसला गेला असता. शिवाय बिट मोजत नाही. एकच खण दहा वेळा उठवला तरी खूण एकच. म्हणून आपली रांग शेवटपर्यंत रिकामी करणं ही हँडलरची स्वतःची जबाबदारी. आणि तोच हँडलर एकाच वेळी दोन कोअरवर चालू असू शकतो, हे त्याच्या लेखकाला कायम ध्यानात ठेवावं लागतं. लिनक्सच्या २.२ आवृत्तीपर्यंत अशी मुभा नव्हती. तेव्हाच्या 'बॉटम हाफ' पद्धतीत सगळ्या प्रोसेसरांत मिळून एका वेळी एकच चाले. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ मध्ये सॉफ्टआयआरक्यूंनी ते बंधन तोडलं.

आता खरा कठीण प्रश्न. काम संपायच्या आतच नवं येत राहिलं तर? एक गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान पॅकेटं भरून आली तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येतात, म्हणजे एकेकाला ६७२ नॅनोसेकंद. १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी दाखवून दिलं की अशा माऱ्यात इंटरप्टवर चालणारा कर्नल सगळा वेळ पॅकेटं स्वीकारण्यात घालवतो आणि एकही पुढे पोचवू शकत नाही. मशीन पूर्ण राबतं, हाती काही येत नाही.

लिनक्सचं उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिलं नेटवर्कच्या खणात: पहिल्या पॅकेटनंतर ड्रायव्हर कार्डाचा इंटरप्ट बंदच करतो. मग सॉफ्टआयआरक्यू स्वतः जाऊन पॅकेटं उचलतो, साधारणपणे एका उपकरणाची एका वेळी ६४ आणि एका फेरीत सगळी मिळून ३००. रांग रिकामी झाली की इंटरप्ट पुन्हा चालू.

दुसरं उत्तर सगळ्या खणांसाठी आहे. फेरी संपल्यावर नवे बिट उठलेले दिसले तर कर्नल पुन्हा फेरी मारतो, पण तीन अटींवर. एकूण वेळ २ मिलिसेकंदांच्या आत हवा, फेऱ्या १० पेक्षा जास्त नकोत, आणि दुसरा कुणी प्रोसेसरसाठी ताटकळत नसावा. एकही अट मोडली की उरलेलं काम 'केसॉफ्टआयआरक्यूडी' नावाच्या थ्रेडकडे, म्हणजे पाळीपाळीनं प्रोसेसर मिळणाऱ्या एका स्वतंत्र कामाकडे, जातं. प्रत्येक कोअरला असा एक थ्रेड असतो. त्याला कुठलाही खास मान नाही. तुमच्या ब्राउझरसारखाच तोही शेड्यूलरच्या रांगेत उभा राहतो. इतका वेळ सगळ्यांना बाजूला सारून धावणारं काम इथे चारचौघांत येऊन बसतं, आणि पॅकेटांच्या पुरातही टर्मिनलमध्ये टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला वाट मिळते.

यंत्रमानव किंवा ध्वनिमुद्रण यांना २ मिलिसेकंदही जड होतात. त्यांच्यासाठीची रिअल-टाइम सोय नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आली. तीत सॉफ्टआयआरक्यू थ्रेडमध्येच चालतात आणि जास्त निकडीचं काम त्यांना मध्येच थांबवू शकतं.

घरी लिनक्सचा संगणक असेल तर 'प्रॉक' फोल्डरातली 'सॉफ्टआयआरक्यूज' ही फाइल उघडून बघा. दहा ओळी, प्रत्येक कोअरला एक स्तंभ. एखादा व्हिडिओ लावा आणि काही सेकंदांनी फाइल पुन्हा वाचा. नेटवर्कवरून घेण्याच्या ओळीतला आकडा पुढे गेलेला असेल, आणि बऱ्याचदा एकाच स्तंभात जास्त, कारण कार्डाचा इंटरप्ट ज्या कोअरवर आला, मागचं कामही तिथेच होतं.