मेरोएत डायनामाइट कुठून आलं?

सुदानमध्ये मेरोएच्या वाळवंटातले कुश राजघराण्याचे पिरॅमिड पाहिले, की मोडके माथे आधी नजरेत भरतात. मग हमखास ऐकायला मिळतं: इटालियन डॉक्टर फेर्लिनीने 40 पिरॅमिड डायनामाइटने उडवले. तो तिथे पोचला 1834 साली; नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं 1867 मध्ये! पण म्हणून फेर्लिनी काही साव ठरत नाही, लुटारूच तो. राणी अमानिशाखेतोचा पिरॅमिड त्याने मजूर लावून माथ्यापासून दगड उतरवत पाडला. सोन्याच्या बांगड्या, मीनाकाम केलेल्या अंगठ्या युरोपात नेल्या, तर तिथे लोकांना दागिने बनावट वाटले. आफ्रिकेत इतकी नजाकत कुठली, हा त्यांचा तोरा! अखेर निम्मेशिम्मे म्युनिकला गेले, उरलेले बर्लिनला.