प्रश्न गावाचा, प्रयोग कुणाचा? विदर्भातल्या ग्रामोपयोगी संशोधनाची पार्श्वभूमी

विदर्भाच्या खेड्यांत आधुनिक शास्त्र शिरले ते कापसाच्या मागे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रज सरकारची नजर वऱ्हाड-हिंगणघाटकडे वळली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक हे कॉटन कमिशनर नेमले गेले. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. धाग्याची लांबी किती, रुईचा उतारा किती, गठाणीत भेसळ होते ती कशी थांबवायची, असे तेव्हाचे प्रश्न होते. प्रश्न खरे होते, पण गिरणीचे होते. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, कापूस वेचणारी बाई काय खाते, तिच्या घरातली किती लेकरे जगतात, तिच्या चुलीचा धूर कुठे जातो, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते.

हे प्रश्न शास्त्राच्या कक्षेत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न वर्ध्यात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत त्याचे ठाणे पडले आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे काम अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहत. सल्लागारांची यादी पाहिली की गांधीजी विज्ञानाच्या विरोधात होते हा समज टिकत नाही: जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन, आणि कुन्नूरला पोषणाचे संशोधन करणारे रॉबर्ट मॅककॅरिसन. सडीचा तांदूळ की बिनसडीचा, गिरणीचे पीठ की जात्यावरचे, साखर की गूळ, हे वाद मगनवाडीत जीवनसत्त्वांच्या आणि खर्चाच्या हिशेबाने चालत. झवेरभाई पटेलांनी तेलघाणी सुधारली, ती पुढे 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेली. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप इथलाच. डिसेंबर १९३८ मध्ये उघडलेल्या मगन संग्रहालयात हे सगळे लोकांना पाहायला मांडले गेले.

त्याच सुमारास कुमारप्पांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या सरकारसाठी औद्योगिक पाहणी केली. त्यासाठी ६०६ गावांची माहिती गोळा झाली. कारखाना कुठे काढता येईल हे ठरवण्याआधी गावात काय पिकते, काय बनते आणि काय बाहेर जाते हे पाहिले गेले. मला या पाहणीचे मोल कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त वाटते. गावाबद्दल बोलायचे तर आधी गावात जाऊन मोजायचे, ही रीत तिथून पडली.

मगनवाडीची एक वस्तू मात्र जरा जवळून पाहू. १९४७ च्या आसपास तिथे बिनधुराची 'मगन चूल' तयार झाली. साधी मातीची चूल, आत एकाच आगीवर दोन-तीन भांडी बसतील अशी वाट, आणि मागे धूर छपराबाहेर नेणारे धुराडे. तिची अडचणही तितकीच साधी होती. वैल, म्हणजे मागचे भांडे बसवायचे तोंड, भांड्याच्या मापाचा नसला की फटीतून धूर घरातच येतो. तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळल्या की धुराड्यात काजळी धरते, ती काढायची म्हणजे कुणीतरी छपरावर चढायला हवे. चुलीत फुंकणारी बाई, छपरावर चढणारा गडी आणि धुराडे बसवून देणारा तिसराच. ज्याला धूर लागतो त्याच्या हाती दुरुस्ती नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, लाखो चुली बसवल्या, आणि २००२ च्या सुमारास तो गुंडाळला. देखभालीचा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, पुढे 'नीरधूर' नावाची चूल काढली. मग गॅस आला. तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की आजही पऱ्हाटीच पेटते.

स्वातंत्र्यानंतर वर्ध्याची परंपरा आरोग्याकडे वळली, ती कुष्ठरोगाच्या वाटेने. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्येच कुष्ठरुग्णांची वसाहत सुरू केली होती. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले आणि डॉ. रा. वि. वार्डेकरांनी कामाची दिशाच बदलली. तोवर रोग्याला शोधून वेगळे ठेवायचे एवढाच उपाय माहीत होता. डॅप्सोनची गोळी हाती आली होती, पण ती घ्यायला रोगी पुढे यायला तयार नव्हता, कारण रोग कळला की घर तुटे. वार्डेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार हे तिन्ही एकत्र बांधले. कार्यकर्ता घरोघर जाई, अंगावरचे बधिर चट्टे तपासी, घरच्यांशी बोले आणि गोळ्या गावातच देई. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. दवाखान्याने गावात जायचे, गावाने दवाखान्यात नाही, ही कल्पना विदर्भात तेव्हापासून रुजलेली आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातून (स्थापना १९६९) डॉ. उल्हास जाजूंनी पुढे हंगामात ज्वारी जमा करून चालणारा गावविमा उभा केला, तो याच मुशीतला.

शेतीच्या बाजूला काय चालले होते? अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झाले, तेही सुखासुखी नाही. त्यासाठी विदर्भात आंदोलन झाले, गोळीबारात माणसे गेली. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ मध्ये आली, आणि त्याच वर्षी वर्ध्यात देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले. एकीकडे मोठे प्रक्षेत्र आणि वाणांची निवड, दुसरीकडे कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकमेकींत खोचून उभारलेली घराची कमान. दोघांची गाठ फारशी पडली नाही, हे विदर्भाचे नुकसान.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, तर संशोधन विद्यापीठाची वाट पाहत थांबले नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड (फकीर) गावात दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी होते. १९८३ मध्ये 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून बारीक दाण्याचा, शिजायला चांगला धान हाती आला. पुढे एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' नाव दिले आणि तो दूरदूरच्या बाजारांत पोचला. नंतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा (पीकेव्ही) 'पीकेव्ही एचएमटी' हा शुद्ध केलेला वाणही निघाला. खोब्रागडेंना राष्ट्रीय पातळीवर सन्मान मिळाला, पण बियाण्याच्या व्यापारातून वाटा मिळाला नाही. २०१८ मध्ये ते गेले. वाण निवडायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही, हे त्यांनी दाखवले. वाण कुणाचा, हे ठरवायला मात्र नोंद लागते, आणि ती नोंद शेतकऱ्याच्या बाजूने कुणी ठेवली नव्हती.

नोंद आणि तीही गावातल्या माणसाच्या हातची, याचा सगळ्यात पक्का नमुना गडचिरोलीत सापडतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. पहिला मोठा अभ्यास वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांचा. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि यापूर्वी तपासणी झालेल्या बायका दहा टक्केही नव्हत्या. १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जाई. पांढरे जाते, कंबर दुखते, ही तक्रार बायका एकमेकींत करत होत्याच. शास्त्राने ती पहिल्यांदा ऐकून मोजली.

मग लहान मुलांचा न्यूमोनिया. गावात डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, आणि पोर दोन दिवसांत जाते. न्यूमोनिया ओळखायला इथे धरलेली खूण म्हणजे श्वासाची गती: दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, त्याहून मोठ्याचे ५० किंवा जास्त. पण अक्षरओळख नसलेल्या दाईने साठपर्यंत मोजायचे कसे? त्यासाठी एक साधे उपकरण बनवले गेले. एका मिनिटाची वाळूची घटिका, आणि तिच्यासोबत तारेवर ओवलेल्या मण्यांच्या दोन रांगा, एक तान्ह्या बाळासाठी, एक मोठ्या मुलासाठी. दाईने बाळाचे पोट वरखाली होताना पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्याला हात लागला, तर न्यूमोनिया, औषध सुरू. दहापर्यंत मोजता आले की पुरे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, जिथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी निघाले.

त्यापुढची पायरी नवजात बाळांची. ३९ गावांत आरोग्यदूत बाया तयार केल्या गेल्या आणि तुलनेसाठी ४७ गावे तशीच ठेवली. आरोग्यदूत बाळंतपणाला हजर राहायची, पहिल्या महिन्यात घरी पुन्हा पुन्हा जायची, बाळाचे वजन करायची, ते गार पडू नये म्हणून गुंडाळायची, दूध ओढते का पाहायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायची. गावच्या बाईने इंजेक्शन द्यावे, यावर तेव्हा मोठा आक्षेप होता. पण आकडे बोलले. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते, तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले, तुलनेच्या गावांत मात्र साठीच्याच घरात राहिले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरच्या 'आशा' या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे सोपवले. आज पाळण्याशेजारी वजनकाटा लावून वही भरणाऱ्या आशाताईच्या कामाचे मूळ गडचिरोलीच्या त्या ३९ गावांत आहे.

हे यश मी मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण याच विदर्भात २०१७ चा पावसाळा उजाडला तेव्हा कापसाच्या वावरात असे काहीच उभे नव्हते. त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबरच्या दरम्यान यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली.

यामागची गोष्ट २००२ पासूनची आहे. त्या वर्षी बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार होणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली आणि बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला खरोखर घटल्या. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू बीटीला दाद देईनाशी झाली. ती बोंडाच्या आत राहते, फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. बाजारात शेकडो संकरित वाण, प्रत्येकाचा फुलोरा वेगळा. त्यात पाणी असलेल्यांनी डिसेंबरनंतरही फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपलेली पऱ्हाटी न उपटता पुढे राखली, की अळीला वर्षभर घर. अळीत बीटीला दाद न देण्याची ताकद वाढू नये म्हणून तेव्हा बियाण्याच्या पाकिटासोबत मिळणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी कडेने लावायची असे, ती बहुतेकांनी लावलीच नाही. फरदड घेऊ नका, कामगंध सापळे (गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा, डोमकळ्या (अळी शिरून मिटलेली फुले) तोडून नष्ट करा, हा सल्ला शास्त्रज्ञ देत होते. पण ज्याच्या वावरात अळी दिसली त्याच्या हाताला कृषी केंद्रात पहिल्यांदा लागली ती बाटली.

२०१७ मध्ये पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. त्यामुळे फवारा वरच्या दिशेने मारावा लागला आणि अंगावरच पडला. नवे पंप जोराचे, त्यांचा तुषार बारीक. दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. सप्टेंबरच्या दमट उन्हात अंग घामाने भिजलेले, आणि घामेजल्या कातडीतून विष लवकर शिरते. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे मज्जातंतूंचे काम चालवणारे एक विकर अडवतात: बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, श्वास लागतो. वेळेत ॲट्रोपिन हा उतारा मिळाला तर माणूस वाचू शकतो. रक्तातल्या त्या विकराची पातळी हंगामाआधी आणि हंगामात तपासली, तर लक्षणे दिसण्याआधीच धोका कळू शकतो. ही तपासणी नवी नाही, महागही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात ती सहज मिळायला हवी.

'किट वापरत नाहीत' असे म्हणून मजुरालाच दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. रबरी हातमोजे, जाड कोट आणि मुखवटा घालून भर दुपारी फवारा मारणे ऊष्माघाताला बोलावणे आहे. आपल्या हवामानात, आपल्या उंचीच्या पिकात, पंपावर मजुरी घेणाऱ्या माणसाला घालता येईल असे सुती, धुता येणारे, स्वस्त संरक्षण बनवणे हे अस्सल उपयोजित संशोधनाचे काम आहे. वाळूची घटिका आणि मणी ज्यांनी शोधून काढले त्यांच्यासारखाच विचार इथे हवा: वापरणारा कोण, त्याला काय जमते, काय परवडते.

आणि नोंद. फवारणी करणारा बहुतेकदा दुसऱ्याच्या वावरात राबतो. शेतकऱ्यांसाठीची अपघात मदतीची योजना सातबाऱ्यावरच्या नावावर आणि त्याच्या घरच्यांवर चालते. मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते, पंपाच्या हिशेबाच्या वहीतही नसते. चक्कर आली, उलटी झाली, निंबाखाली पडून राहिला आणि संध्याकाळी घरी गेला, तर ती विषबाधा कोणत्याच रजिस्टरला चढत नाही. आशाताईच्या वहीत बाळाच्या वजनाचा रकाना आहे. जुलै ते नोव्हेंबर, कुणी फवारले, काय फवारले, नंतर काय झाले, एवढे तीन रकाने फवारणी करणाऱ्यांसाठीही आखायला हवेत, आणि ते काम तिच्यावर वाढीव मोबदल्याशिवाय लादू नये.