रेस कारमधला कट-ऑफ स्विच आणि त्याचं वायरिंग

कट-ऑफ स्विच म्हणजे रेस किंवा रॅलीच्या गाडीतला मेन स्विच, जो फिरवला की अख्ख्या गाडीचं इलेक्ट्रिकल बंद होतं आणि चालू इंजिनसुद्धा बंद पडतं. खरी गोम इंजिनातच आहे, कारण नुसती बॅटरी तोडून भागत नाही, इंजिन फिरतंय तोवर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर) करंट देत राहतो आणि त्याच्यावर इग्निशन, फ्युएल पंप सगळं चालू राहू शकतं. गाडी उलटलीय, पेट्रोल सांडतंय आणि पंप सुरूच, याच्याइतकं वाईट काही नाही.

म्हणून रेसिंगसाठी ६ टर्मिनलचा स्विच घेतात. दोन जाड स्टड (केबल कसायचे बोल्ट) असतात, एकावर बॅटरीची पॉझिटिव्ह केबल, दुसऱ्यावर स्टार्टर, अल्टरनेटर आणि बाकी सगळी गाडी. उरलेल्या बारीक टर्मिनलच्या दोन जोड्या. पहिली जोडी स्विच ऑन असताना जुळलेली असते, तिच्यातून इग्निशन कॉइलचा किंवा ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) सप्लाय न्यायचा, म्हणजे ऑफ केलं की स्पार्कच जातो. दुसरी बरोब्बर उलटी, ऑफ केल्यावर जुळते आणि अल्टरनेटरच्या बाजूला ३ ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थ देते. चालू इंजिनवर बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उडतात, तो झटका रेझिस्टरने घ्यायचा असतो. हा रेझिस्टर साधारण ११ वॅटचा, आणि १४ व्होल्टला त्याच्यावर येतात ६५ वॅट! इंजिन थांबेपर्यंतचे काही सेकंदच तो हे सहन करतो. त्याची वायर चुकून बॅटरीच्या स्टडवर लागली तर गाडी बंद करून ठेवल्यावर बॅटरीही उतरते आणि रेझिस्टरही भाजून निघतो.

एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमानुसार हा स्विच ठिणगी न उडणारा हवा, आतून ड्रायव्हरला आणि बाहेरून मार्शलला (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला) दोघांना चालवता आला पाहिजे. छत असलेल्या गाडीत बाहेरची खेचायची कडी विंडस्क्रीनच्या खालच्या बाजूला असते आणि तिथे पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण लावतात, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंमी. फॉर्म्युला भारत या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी पुण्या-मुंबईच्या कॉलेजांच्या टीम गाड्या बनवतात तिथेही असा मास्टर स्विच लागतोच, उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या खांद्याच्या उंचीवर.

बॅटरी ते स्विच ही केबल कायम लाइव्ह असते, स्विच ऑफ केला तरी, त्यामुळे ती शक्य तितकी छोटी ठेवायची, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने केबल कापू नये म्हणून बसवायची रिंग) घालायचं आणि फ्युएल लाइनपासून लांब न्यायची.

टेस्ट मात्र इंजिन चालू ठेवूनच करायची, आयडलला आणि मग रेस देऊनही. मल्टिमीटरवर सगळं बरोबर दिसतं आणि चालू इंजिन काही मरत नाही, असं होतं तेव्हा आधी डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाइटची वायर बघावी. ती वायर स्विचच्या पुढे इग्निशनला जोडलेली असली तर अल्टरनेटर तिच्यातूनच उलटा करंट देऊन स्पार्क चालू ठेवतो, तिथे एक डायोड टाकला की काम होतं.